हलत्या चित्रांचे निनावी हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची सकाळ. होटगीत नमाज आटोपून घरी आलो, शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली, तोच भाच्यानं मोबाइल पुढे केला. ''मामू, ये देखो, क्या मस्त है!'' पडद्यावर एक लाल गुलाब डुलत होता. मागे चांदण्या लुकलुकत होत्या. चंद्र वरून अलगद खाली यायचा आणि पुन्हा वर जाऊन बसायचा. खाली सोनेरी अक्षरं उजळत होती : 'गच्चीवर चंद्र उतरला, अम्मी अजून चुलीपाशी.'

ओळ माझी होती. म्हणजे बरीचशी माझी. तीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आलेल्या कवितेत मी लिहिलं होतं, 'माळवदावर चंद्र उतरला, आई अजून चुलीपाशी.' चित्रावर नाव कुणाचंच नव्हतं. भाच्याला ते कुणीतरी पाठवलं होतं, त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी.

मला राग आला, हे कबूल करतो. माळवद गेलं आणि गच्ची आली. ज्यानं हे केलं त्यानं मातीच्या माळवदावर एक उन्हाळी रात्रही काढलेली नसणार. त्या रागातच मी ही हलती चित्रं म्हणजे काय प्रकार आहे, ते शोधायला बसलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाशी माझी ओळख टंकलेखनापुरती. तरी हळूहळू उमगत गेलं.

या चित्रांना जीआयएफ म्हणतात. 'ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट' या लांबलचक नावातली ही तीन आद्याक्षरं. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनं १९८७ साली हा साचा आणला. स्टीव्ह विल्हाइट हे त्याचे मुख्य कर्ते. त्या काळी संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेतून मुंगीच्या पावलांनी जायची, म्हणून चित्र जमेल तेवढं आटवून पाठवणं भाग होतं. युक्ती अशी, की एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग ठेवायचे आणि तेच ते ठिपके पुन्हा आले की पूर्ण न लिहिता खुणेनं सांगायचं. एका फायलीत एकामागून एक अनेक चित्रं ठेवता येतात. १९८९च्या सुधारित आवृत्तीत कुठलं चित्र सेकंदाचे किती शतांश भाग थांबेल हेही लिहिता येऊ लागलं. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्याला नेटस्केप या ब्राऊझरनं शेवटच्या चित्रावरून परत पहिल्यावर जाण्याची सोय केली. तेव्हापासून हे गुलाब डुलायचे थांबलेच नाहीत. आणखी एक गंमत. गुलाब हलतो तेव्हा मागची भिंत पुन्हा काढावी लागत नाही. जेवढं बदललं तेवढंच पुढच्या चौकटीत येतं, बाकीचं खालून दिसत राहतं.

(व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते आतून बहुधा छोट्या व्हिडिओत बदललेलं असतं. पण लोक त्यालाही जीआयएफच म्हणतात. भाषेपुढे तंत्रज्ञाचं चालत नाही. खुद्द विल्हाइट यांना 'जिफ' हा उच्चार हवा होता. २०१३ साली त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी भाषणाऐवजी तेवढंच सांगणारं एक जीआयएफ दाखवलं. २०२२ साली ते वारले. जगातली पुष्कळ माणसं अजून 'गिफ' म्हणतात.)

हे सगळं वाचताना मला सारखे अब्बा आठवत होते. अब्बा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. होटगी जंक्शनवरून सकाळची गाडी धरायचे. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. नक्षी काढणारा माणूस चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत बसला होता. दुरून पाहिलं की मोर, जवळून पाहिलं की नुसते चौकोन. त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं एकमेकांना ओवायची आणि शेवटचं कार्ड पहिल्याला जोडून माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. जोसेफ मारी जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४च्या सुमारास बसवलेली ही रीत. माळ एकदा फिरली की एक फूल पुरं. माळ पुन्हा फिरते, फूल पुन्हा येतं. जीआयएफमध्ये याहून वेगळं काय आहे? चौकटीचा कागद तोच, मोजके रंग तेच, फिरती माळ तीच. चादरीत कारखान्याचं नाव विणलेलं असायचं. चौकोन रंगवणाऱ्याचं नाव मी अब्बांना तेव्हा विचारलं नाही. आता सांगायला अब्बा नाहीत.

आणि चित्र हलवणं ही तरी संगणकाची देणगी कुठं? आपल्या कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' लोकांपुढे आणली. शंबरासुर म्हणजे मायावी विद्येचा धनी, त्याच्यावरून शांबरिक. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, पाठीमागून दिव्याचा प्रकाश, समोर पडदा. हात खाली असलेलं एक चित्र, थोडा वर गेलेलं दुसरं, आणखी वर गेलेलं तिसरं. काचा झरझर बदलल्या की पडद्यावरची आकृती हात उचलायची. सोबत निवेदन आणि गाणी. लुमिए बंधूंची चित्रफीत मुंबईत १८९६ साली आली, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी एका रोपाची वाढ थोड्याथोड्या वेळानं एकेक चौकट टिपून पडद्यावर उगवून दाखवली. १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये तर त्यांनी आगपेटीतल्या काड्याच नाचवल्या. ती फिल्म आज उपलब्ध नाही. पटवर्धनांच्या काचा मात्र राहिल्या, कारण घरच्यांनी त्या जपल्या.

इंटरनेटवर हे जपणं कुणी करायचं, हा पेच मोठा आहे. १९९०च्या दशकात जिओसिटीज या ठिकाणी लाखो सामान्य माणसांनी आपापली पानं थाटली होती. त्यांवर फडकणारे झेंडे, जळणाऱ्या मशाली, 'काम चालू आहे' म्हणून अखंड फावडं मारणारा मजूर. एकानं केलेलं दुसऱ्यानं उचललं, रंग बदलला, पुढे दिलं. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येत असल्यामुळे मजूर कुठल्याही पानावर बसायचा. याहूनं ते दुकान १९९९मध्ये विकत घेतलं आणि २००९मध्ये बहुतेक देशांत त्याला कुलूप लावलं. काही हौशी मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं, म्हणून तो मजूर आज पाहता तरी येतो. त्याला पहिल्यांदा फावडं कुणी दिलं, ते त्या ढिगातून कळत नाही.

ओल्या लियालिना नावाची मॉस्कोत जन्मलेली कलावंत आहे. अशा चित्रांकडे तिनं फार गंभीरपणे पाहिलं. १९९६ साली तिनं युद्धावरून परतलेल्या प्रियकराची गोष्ट काळ्यापांढऱ्या चित्रांतून आणि तुटक वाक्यांतून संगणकाच्या पडद्यावर मांडली. आपण दाबत जाऊ तसा पडदा लहान लहान चौकटींत फुटत जातो. दुसऱ्या अनेक कलावंतांनी तीच गोष्ट आपापल्या पद्धतीनं पुन्हा केली. लियालिनानं भांडण केलं नाही. तिनं त्या सगळ्या आवृत्त्यांची यादी ठेवली, करणाऱ्यांच्या नावांसह. पुढे २०१३ साली तिनं स्वतःच झोका घेतानाचं चित्र केलं. त्यातली प्रत्येक चौकट वेगवेगळ्या संकेतस्थळावर ठेवली आहे. झोका पुढे जायचा तर ब्राऊझरला एका दारातून दुसऱ्या दारात जावं लागतं. जाळं मंद असेल तर झोका मंद. एक दार बंद झालं तर झोका तिथंच अडतो.

त्या यादीनं माझा राग जरा वेगळ्या वाटेला लावला. फेरफार होणारच, हे मला आमच्या आजीच्या जात्यापाशी बसूनच कळायला हवं होतं. एकीची ओवी दुसरी उचलायची, भावाचं नाव बदलायची, गाव बदलायची. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी पुण्यात राहून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवायचा शिरस्ता त्यांनी ठेवला. ओवी सगळ्यांची असते, पण ती एका बाईच्या तोंडून आलेली असते. मला नावाचा हव्यास नाही असं म्हणणं खोटं होईल. कवीला दुसरं मिळतं तरी काय?

पण एक गोष्ट भाच्याला सांगितली नव्हती, ती इथं सांगतो. 'गच्ची' मला जेवढी बोचली तेवढीच 'अम्मी'ही बोचली, पण दुसऱ्या कारणानं. आमच्या घरात आम्ही अम्मीच म्हणायचो. चुलीपाशी बसलेली ती बाई अम्मीच होती. कविता लिहिताना मी तिची आई केली. संपादकांना काय वाटेल, संमेलनात समोर बसलेल्यांना अडखळल्यासारखं होईल का, अशी भीती होती. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होतो. जो शब्द लिहायचं धाडस मला झालं नाही, तो कुण्या अनोळखी माणसानं, बहुधा नुसता ईदचा मोका पाहून, गुलाबाखाली लिहून टाकला. त्यानं माझी ओळ बिघडवली आणि दुरुस्तही केली. त्याचं नाव मला कळलं असतं तर मी दोन्ही गोष्टी त्याला सांगितल्या असत्या.

यंदाच्या ईदच्या आधी भाच्याच्या मुलीला घेऊन बसलो. ती अकरावीत आहे. तिनं मोबाइलवर बारा चौकटी केल्या. गुलाब काढला, त्या जागी अब्बांच्या कारखान्यातली एक जुनी चादर घरात होती तिच्यावरचं फूल घेतलं, चौकोन चौकोन मोजून. चंद्र खाली येतो, फूल उमलतं, मिटतं. ओळीत 'माळवद' परत आणलं आणि 'अम्मी' तशीच ठेवली. कोपऱ्यात नाव लिहिताना ती थांबली. ''नानाजान, फूल किसका लिखूँ?'' कारखान्याचं नाव चादरीवर होतं. आम्ही माझं आणि तिचं नाव लिहिलं आणि शेजारी 'फूल : सोलापूरचा एक नक्षीकार' एवढंच टाकलं.

ईदच्या सकाळी तिनं ते नातेवाइकांना पाठवलं. जुनं गुलाबाचं चित्र त्या दिवशी मला तिघांकडून आलं. आमचं अजून फिरून आलेलं नाही.