आंत्र-मस्तिष्क संबंध

आंत्र-मस्तिष्क संबंध : जठर व आतडी आणि मेंदू यांच्यात तंत्रिका, हॉर्मोने, प्रतिरक्षा तंत्र व आतड्यांतील सूक्ष्मजंतू यांच्या द्वारे दोन्ही दिशांनी चालणारे संदेशवहन. पचन, भूक, वेदनेची जाणीव व मनःस्थिती यांच्याशी त्याचा संबंध आहे.

मनोविकारांचा पचनावर होणारा परिणाम विल्यम बोमॉन्ट या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी प्रत्यक्ष पाहिला. १८२२ मध्ये बंदुकीचा बार लागलेल्या एका तरुणाच्या जठरास कायमचे छिद्र राहिले होते. त्यातून निरीक्षणे करून, राग व भीती यांमुळे जठराच्या अस्तराचे स्वरूप व स्राव बदलतात, असे त्यांनी १८३३ मधील ग्रंथात नोंदविले. १८९९ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी मेंदूशी व मेरुरज्जूशी असलेले तंत्रिकासंबंध तोडले, तरी आतड्याचे क्रमसंकोच चालू राहतात, असे दाखविले. आतड्याच्या भित्तीत तंत्रिका कोशिकांचे स्वतःचे जाळे असल्यामुळे हे घडते [⟶ तंत्रिका तंत्र].

आंत्रमार्ग व मेंदू यांना जोडणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेतील बहुसंख्य तंतू संदेश मेंदूकडे नेतात. शरीरातील सु. ९०% सेरोटोनिन आंत्रमार्गात असते. मात्र ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून मनःस्थितीवरील त्याचा प्रभाव अप्रत्यक्ष मानावा लागतो.

बृहदांत्रातील सूक्ष्मजंतू अन्नातील तंतुमय भागाचे किण्वन करून लघुशृंखल वसाम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक अम्ल हे बृहदांत्राच्या अस्तरातील कोशिकांचे मुख्य इंधन होय. अस्तर अभंग असल्यास जंतुजन्य पदार्थ रक्तात शिरण्यास अटकाव होतो. कडधान्ये, भरड धान्ये, भाज्या व फळे यांचे महत्त्व यामुळे आहे. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत तणावाची प्रतिक्रिया तीव्र असते व लहान वयातच जंतू दिल्यास ती काही अंशी सुधारते, असे जपानमधील प्रयोगांत २००४ मध्ये आढळले. मानवातील पुरावा मात्र अद्याप मर्यादित आहे.

या संबंधाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. जठरव्रणाचे कारण पुष्कळ काळ मानसिक ताण हे समजले जाई. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचे संवर्धन केले. पुढे बहुतेक व्रणांमागे हा जंतू किंवा वेदनाशामक औषधे असतात, असे स्पष्ट झाले व प्रतिजैविकांनी रोगी बरे होऊ लागले. या शोधास २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याउलट, आंत्रक्षोभात आतड्यात दृश्य विकृती नसली, तरी वेदना खरी असते व आहारातील बदलांबरोबर मानसोपचारांचाही उपयोग होतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे यांसारखी लक्षणे काळजीमुळे आहेत असे गृहीत न धरता तपासणी करणे आवश्यक असते.