अंधारातली दहा वर्षं

बीड जिल्ह्यात आता अंधार उरलेला नाही. निदान लग्नात तरी नाही. मंगल कार्यालयाच्या कमानीपासून स्टेजपर्यंत एलईडीचा लखलखाट, वरातीपुढे डीजेच्या गाडीवर गरगरणारे लाइट, नवरीच्या एन्ट्रीला थंड फटाके. एवढ्या उजेडात कुठलाही कॅमेरा चालतो. गेल्या सराईत नवरदेवाच्या मामांनी मला स्वतःच्या फोनवर काढलेली वरात दाखवली. "बघा, दिवसावाणी आलंय. तुमच्या त्या काचेचं मग काय काम?" ती काच म्हणजे 50 मिलिमीटरची, एफ 1.4 ची लेन्स. मामा गिऱ्हाईक होते, म्हणून तिथे गप्प बसलो. उत्तर इथे देतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फार मागे नाही. व्हीएचएसच्या काळाबद्दल मला काही विशेष सांगायचं नाही. खांद्यावर कॅमेऱ्याचं धूड, मागे वायर गुंडाळत चालणारा लाइटवाला पोऱ्या, त्याच्या हातात हजार वॉटचा हॅलोजन. नवरी डोळे मिचकावतेय, गुरुजी घामाघूम, पुढची माणसं पांढरीफटक आणि मागचं वऱ्हाड गडप. कमी उजेडात कॅमेऱ्याला किती दिसतं, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. उजेड आम्ही सोबत न्यायचो. त्या काळाचे गोडवे गाणारे अजून भेटतात. त्यांनी एकदा त्या कॅसेटी लावून पाहाव्यात.

प्रश्न उभा केला तो लोडशेडिंगनं. 2005 नंतर खेड्यांत वीज दहा-दहा, बारा-बारा तास जायची. परळीला औष्णिक केंद्राची धुराडी आभाळात गेलेली, आणि त्याच जिल्ह्यात मंगलाष्टकं गॅसबत्तीवर. 2013 च्या फेब्रुवारीत तर पाण्यावाचून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. आमच्याकडची लग्नं दाटतात उन्हाळ्यात, साखर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले कोयते गावी परतल्यावर. नेमकी तेव्हाच वीज नसायची. जनरेटर आणलाच तर तो माइकला आणि पाहुण्यांच्या पंख्यांना. शूटिंगवाल्याच्या हॅलोजनसाठी डिझेल कोण जाळणार? "ट्यूब हाय की एक, भागवा."

भागवायचं म्हणजे कॅमेऱ्यावर. तेव्हा आमच्या धंद्यात सोनीच्या पीडी 170 चं नाव आदरानं घेतलं जाई. 2003 सालचं मॉडेल, आत एक तृतीयांश इंचाचे तीन सीसीडी, आणि माहितीपत्रकात लिहिलेलं: किमान 1 लक्स. एक लक्स म्हणजे मीटरभर अंतरावरच्या एका मेणबत्तीचा उजेड. आकडा ऐकून माणूस हरखून जायचा. पण हे आकडे ज्या त्या कंपनीच्या गजानं मोजलेले. गेन किती चढवला होता, शटर किती होतं आणि 'दिसलं' कशाला म्हणायचं, हे सगळं तीच ठरवणार. काळ्यावर काळं हललं तरी दिसलंच म्हणायचं, तर मग कुठलाही कॅमेरा पास होतो.

म्हणून परीक्षा आम्ही आमच्या घेऊ लागलो, आणि त्यासाठी सप्ताहातल्या कीर्तनाइतकी चांगली जागा नव्हती. मंडपात मधोमध एक ट्यूब. महाराज पांढऱ्या फेट्यात, मागे टाळकऱ्यांच्या दोन ओळी, त्यातली दुसरी जवळपास अंधारात. फेट्यावर एक्स्पोजर लावलं की चेहरा गेला. चेहऱ्यावर लावलं की फेटा जळाला. गेन 6 डीबी वाढवला की सिग्नल दुप्पट. 18 डीबीवर आठपट, पण त्यासोबत सगळ्या चित्रावर मुंग्या फिरू लागत. त्यात मंडपाच्या मागच्या टोकावरून झूम केलं की लेन्स एफ 1.6 वरून 2.4 वर उतरायची, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड गेला. माहितीपत्रकातला तो 1 लक्स झूम न करता मोजलेला असणार, हे कुणी सांगत नसे. त्या दिवसांत मी एकच कसोटी धरली होती: मागच्या ओळीतल्या, उन्हानं रापलेल्या टाळकऱ्याचे डोळे दिसतात का? जाहिरातीत ओल्या रस्त्यावरचे निऑन दिवे असतात आणि गोरीपान मुलगी. गोरा चेहरा अर्ध्या उजेडातही उचलला जातो. आमच्या टाळकऱ्याला उचलेल तो कॅमेरा, बाकी खेळणी.

मग हाय डेफिनिशनचं एचडीव्ही आलं. तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबलेले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी. दिवसा चित्र कापून काढल्यासारखं स्पष्ट, रात्री जुन्या पीडी 170 पेक्षा काळं. तेव्हाच्या औरंगाबादेत एका दुकानदाराला मी म्हणालो, "हा कॅमेरा जरा जिन्याखाली नेऊन बघू द्या." तो म्हणाला, "घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर लाइन लागलीय." दुकानात ट्यूबा एवढ्या की तिथे फोनचा कॅमेराही शेर ठरला असता. लाइन खरंच होती, आणि त्या लाइनीतल्या बऱ्याच जणांनी पुढे रात्रीच्या कामाला जुनाच कॅमेरा बाहेर काढला, हेही खरं.

2008 च्या सप्टेंबरात कॅननच्या 5डी मार्क 2 ची घोषणा झाली. आमच्यापर्यंत ती वस्तू यायला वेळ लागला, पण आली ती सगळं उलथवत. फोटोचा कॅमेरा व्हिडिओ काढतो, आणि त्याचा सेन्सर आमच्या सीसीडीच्या जवळपास पन्नासपट क्षेत्रफळाचा! सुरुवातीला मात्र त्यानं छळलंही. सेकंदाला फक्त 30 फ्रेम. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबखाली शटर जमलं नाही की चित्रात पट्टे वाहायचे. एक्स्पोजर हातात नव्हतं. ते 2009 च्या जूनमध्ये मिळालं, आणि 25 फ्रेम 2010 च्या मार्चमध्ये. शिवाय एक क्लिप सुमारे बारा मिनिटांत संपायची. कीर्तन दोन तासांचं. महाराज दृष्टांताच्या ऐन टोकाला, आणि इकडे कॅमेरा बंद.

तरीही आम्ही त्याच्यावर भाळलो, ते लेन्समुळे. स्वस्तातला झूम लांबच्या टोकाला एफ 5.6. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या अंगाची 50 मिलिमीटर, एफ 1.8 लावली की उजेड जवळपास दहापट. स्टॅन्ली क्युब्रिकनं 1975 च्या 'बॅरी लिंडन'साठी नासाकरता बनवलेली झाइसची एफ 0.7 लेन्स वापरून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले, ही गोष्ट आम्ही कुठूनतरी ऐकलेली. आमच्याकडे नासा नव्हतं. पण आमच्या मेणबत्त्याही हौसेनं लावलेल्या नव्हत्या.

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. दिंड्या येतात, डोंगराच्या कुशीत चुली पेटतात. तिथे मी 5डी आणि एफ 1.4 घेऊन गेलो, ते चांदण्यात माणसं येतात का पाहायला. नाही आली. पूर्ण चंद्राचा उजेड जमिनीवर पाव लक्सच्या आसपास. शटर 1/50 आणि एफ 1.4 धरलं तर त्याला लाखभर आयएसओची संवेदनशीलता लागते. माझ्या हातात 6400, म्हणजे चार स्टॉप कमी, आणि दर स्टॉपला उजेड निम्मा. चुलीपुढचे चेहरे मात्र असे आले की तसे मी हॅलोजनखाली कधी पाहिले नव्हते. एका बाजूनं तांबूस, दुसऱ्या बाजूनं रात्र. 2014 मध्ये सोनीचा ए7एस आला, आयएसओ चार लाखांच्या पुढे, आणि चांदण्याचा प्रश्न सुटला. तेव्हाच आमची परीक्षाही संपली, असं आता वाटतं.

कारण त्याच सुमारास वीज टिकू लागली, एलईडी स्वस्त झाले, आणि अंधारासाठी घेतलेली काच भर दुपारी वापरली जाऊ लागली. एफ 1.4 वर दोन मीटरवरच्या माणसाचा जेमतेम तेरा सेंटीमीटरचा पट्टा फोकसमध्ये राहतो. अंधारात ती आमची अडचण होती. नवरदेवानं मान वळवली की तो आउट. आज तीच अडचण फॅशन झाली आहे. नवरी लख्ख, आणि मागची चुलती, आत्या, रुखवत, अक्षता टाकणारे हात, सगळ्यांचे रंगीत ठिपके. आम्ही काळोखात बसलेली आत्या शोधून काढायचो. आजचे शूटिंगवाले उजेडात बसलेली आत्या पुसतात आणि त्याला सिनेमॅटिक म्हणतात.

आणि मामांचा फोन. त्यांच्या वरातीत नवरदेवाची आजी दिसते, तिचं कपाळ गुळगुळीत. प्रत्यक्षात त्या कपाळावर हिरवं गोंदण आहे. मी ते मंडपात पाहिलं, माझ्या फुटेजमध्येही आहे. फोन लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळून दाणे पुसतो, वरून कातडी सारवतो. हे करताना दाणा कुठला आणि गोंदण कुठलं, हे त्याला कळत नाही. माझ्या चित्रात दाणे आहेत, ते दिसतात, मान्य. पण आजीही आहे. मामा, काचेचं काम एवढंच.

हॅलोजन धरणारी पोरं आता या धंद्यात दिसत नाहीत. काही एलईडी वॉलच्या कामावर लागली, काही पुण्याला गेली. कंदील दोन हात डावीकडे सरकवला तर म्हातारीचा चेहरा उघडेल, हे त्यांना न सांगता कळायचं. नवीन पोरांना तीस हजारांचा गिंबल कळतो, कंदील कळत नाही. त्यांचा तरी काय दोष. कंदीलच कुठे राहिला?

तेव्हा वाचकांना विनंती. घरात कार्य असेल तर शूटिंगवाल्याला ठरवताना त्याचा ड्रोन विचारू नका. रात्रीचं, लाइट न लावता केलेलं एक काम मागा आणि त्यात मागच्या रांगेतली माणसं ओळखू येतात का पाहा. नॉइज रिडक्शन कमी ठेवायला सांगा. आणि पैसे चुकते करताना सजवलेल्या व्हिडिओबरोबर मूळ फुटेजही मागून घ्या. आमच्यातले बहुतेक जण जागा कमी पडली की ते उडवून टाकतात.