एका अक्षराचा फरक

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. जनुक कशाचं बनलेलं असतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच निराळं आहे. मग व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास नेमकी जागा शोधली: बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहावं बदललेलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. डीएनएत जीएजीचं जीटीजी झालं, एवढंच.

पण एवढ्यानं काय होतं? ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं, पेशी ताठरते आणि बारीक केशवाहिन्यांत अडकते. मग हाडं-सांधे असह्य दुखतात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांतच संपते, म्हणून कायमचा रक्तक्षय.

जनुकांतले असे बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, क्ष-किरणांनी घडतात हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर सिद्ध केलं होतं. या आजाराच्या, म्हणजे सिकलसेलच्या, मुळाशी असं बाहेरचं कारण शोधावं लागत नाही. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि कधीतरी ती चुकते. खरं कोडं ही चूक टिकली कशी, हे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून उत्तर आणलं: एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून याला सरळ ‘दोष’ म्हणायला मी तरी कचरतो.

भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हे जनुक सापडलं. आपल्याकडे ते नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत आणि गडचिरोलीच्या गोंड-माडियांत आहे, विदर्भातल्या आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गेल्यावर सुरुवातीलाच त्याचा अभ्यास केला. पण लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

तपासणी साधी आहे. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं. ते गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’, की रुग्ण, म्हणजे ‘एसएस’, हे मात्र इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी तपासा, असं सांगतात ते यासाठी. सांगण्याची पद्धत मात्र जपायला हवी. १९६८ मध्ये खुद्द पाउलिंग यांनी वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी असं सुचवलं होतं! मुलीच्या ‘एएस’ अहवालावरून सोयरीक मोडते, तेव्हा न गोंदवताही तेच घडतं.

उपचारांची गती मात्र शोधांहून मंद. रेणू कळला १९४९ ला. हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली १९९८ ला. भारतात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली जुलै २०२३ मध्ये, २०४७ पर्यंत उच्चाटनाचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षाअखेर ब्रिटन आणि अमेरिकेनं क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावरच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला परवानगी दिली. गंमत म्हणजे हा उपचार चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही. जन्मानंतर मावळणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तो पुन्हा सुरू करतो. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर.