महामार्गाखालची मोरी आणि आपले भात



मृगाची चाहूल लागली की आपण बांध घालतो, राब पेरतो. परंतु शेतातले पाणी ज्या वाटेने बाहेर जाते, ती वाट किती जण पाहून येतात?

वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. तेथील पाणी ओहोळांनी खाली येते, पण मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा आहे. सातिवली, पेल्हार, शिरसाड या पट्ट्यात भरावाखालच्या मोऱ्यांतूनच ते पुढे खाडीकडे उतरते. मोरी तुंबली की रस्ताच बांध होतो. त्यात खाडीला उधाणाची भरती असली तर पाण्याला वाटच नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय झाले, लोकल बंद पडली, हे आपण विसरलेलो नाही.

भात पाण्यातले पीक खरे, पण शेंडा वर हवा. नुकती लावलेली रोपे गढूळ पाण्यात आठवडाभर बुडून राहिली तर कुजतात. रस्त्याचेही तसेच. भरावात पाणी मुरले की खालचा थर मऊ पडतो आणि अवजड ट्रकखाली वरचे काँक्रीटही तडकते.

माझ्या पाहण्यातील गोष्ट. एकाने रस्त्यालगतचा तुकडा भाड्याने दिला. घेणाऱ्याने भराव टाकला, मोरीचे खालचे तोंड बुजले. पुनर्वसूच्या पावसात वरच्या अंगाला भावकीचेच भात आठ दिवस पाण्याखाली राहिले. भाडे एका घरात आले, नुकसान पाच घरांत गेले.

म्हणून एवढे करा :

१. मेअखेर चार जणांनी मिळून मोरीची दोन्ही तोंडे पाहावीत. नळाच्या या टोकाने पाहिले असता त्या टोकाचा उजेड दिसला पाहिजे.

२. आपल्या हद्दीतील चर व ओहोळातला गाळ, झुडपे, प्लास्टिक काढावे. गाळ काठावर टाकू नये. पहिल्याच सरीने तो परत येतो.

३. मोरीच्या आत उतरू नये. गुदमरण्याचे व सापाचे भय असते. ते काम महामार्ग प्राधिकरणाचे. जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा व फोटो जोडून अर्ज द्यावा, पोच घ्यावी. महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आहे.

४. जमीन भाड्याने देताना ‘ओहोळ बुजवणार नाही’ ही अट करारात लिहून घ्यावी.

पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा एकदा मोरीपर्यंत जाऊन या. पाणी वाहताना दिसले, की मगच निर्धास्तपणे लावणीला लागा.