एकच प्लग, आकडे चार

६, २०, ७ आणि ९.

एनजीकेचा बीपीआर६ईएस, डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर, बॉशचा डब्ल्यूआर७डीसी आणि चॅम्पियनचा आरएन९वायसी हे चार स्पार्क प्लग पुण्याच्या नाना पेठेतल्या एखाद्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौघांचे आटे १४ मिलिमीटरचे, आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, उष्णता सोडायची ताकद जवळपास सारखी. एकाच्या जागी दुसरा बसतो. तरी चिनी मातीवर छापलेले आकडे चार.

सर्व्हिसिंगला गाडी टाकताना आपण विचारतो, ‘कुठल्या कंपनीचा टाकू?’ त्याआधी विचारायला हवं, ‘कितीचा टाकू?’

८ आणि ८ मधलं अंतर

प्लगचं टोक ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं, तर त्यावर काजळी धरते. साधारण ८५० च्या वर गेलं, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. तसंच दामटत राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. टोकाला या दोन तापमानांच्या मध्ये ठेवायचं काम हीट रेंजचं, आणि कोडमधला आकडा तीच सांगतो. एनजीके आणि डेन्सोचा आकडा वाढला की प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता झटपट इंजिनकडे सोडणारा. बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की ‘गरम’. सगळं उलटं.

आता गाडीला एनजीकेचा ८ लागतो आणि दुकानात बॉशच शिल्लक आहे असं समजा. ‘मग त्यातला ८ द्या’ म्हणणारा माणूस घरी नेतो तो एनजीकेच्या ५ च्या तोडीचा प्लग. चूक तीन पायऱ्यांची. एका पायरीला टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं, म्हणजे तीन पायऱ्यांना २१० ते ३००. एरवी ७०० अंशांवर सुखात असलेलं टोक ९०० च्या पुढे जाणार. कात्रजचा घाट डबलसीट चढताना त्याचा हिशेब चुकता होतो. उलट चूकही महागच: गरजेपेक्षा थंड प्लग लावून सदाशिव पेठ ते मंडई एवढ्याच चकरा मारल्या, तर टोक तापायच्या आत गाडी बंद होते, काजळी साठते आणि इंजिन मिसिंग करू लागतं.

इरिडियमचा हिशेब

साध्या प्लगचं मधलं टोक निकेलच्या मिश्रधातूचं, जाडी २.५ मिलिमीटर. इरिडियमचं ०.६, डेन्सोच्या काही प्लगांत तर ०.४. टोक बारीक असलं की ठिणगीला विद्युतदाब कमी लागतो. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २,४४६ अंशांना, म्हणून एवढं बारीक टोकही टिकतं. आणि टिकावं लागतंच. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर ठिणग्या किमान २,०००. ताशी ३० च्या सरासरीने १२,००० किलोमीटरला ४०० तास लागतात. तेवढ्यात ठिणग्या झाल्या ४ कोटी ८० लाख.

पैशांचं गणित मांडू. साधा प्लग १३० रुपये आणि १२,००० किलोमीटर, इरिडियम ६५० रुपये आणि ३६,००० किलोमीटर असं धरा. ३६,००० किलोमीटरला साधे तीन प्लग, ३९० रुपये. इरिडियम २६० रुपयांनी महाग. तेवढ्या अंतरात ५० च्या ॲव्हरेजने ७२० लिटर पेट्रोल जळतं. लिटरला १०४ रुपये धरले तर ७४,८८० रुपये. म्हणजे वरचे २६० वसूल व्हायला ॲव्हरेज ५० वरून ५०.१७ झालं तरी पुरे. पण हा ०.१७ कुणालाच मोजता येणार नाही. विद्यापीठ चौकातला एक लांबलेला सिग्नल तो गिळून टाकतो. इरिडियम घ्यायचा तो तीनदा पाना लावायचा त्रास वाचावा म्हणून घ्या. पिकअप दुप्पट होईल या आशेवर नको.

एक, दोन, तीन, शून्य

हे गणित प्लगच्या संख्येनेही बदलतं, आणि त्या संख्येचा खेळ पुण्याइतका कुणी क्वचितच पाहिला असेल. १९७२ साली आलेल्या, इथल्याच बजाजच्या चेतकला प्लग एक. टू-स्ट्रोक असल्याने ठिणगी दर फेऱ्याला, शिवाय पेट्रोलमधलं ऑइल प्लगवर बसायचं. म्हणून स्कूटर आडवी करून मग किक मारायची, डिकीत प्लग-पाना आणि पॉलिश पेपर ठेवायचा. २००३ मध्ये बजाजच्याच पल्सरला डीटीएस-आय इंजिन आलं: सिलिंडर एक, प्लग दोन. २०१२ च्या पल्सर २०० एनएसला प्लग तीन. ज्वाळा तीन टोकांनी निघाली की मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. तिन्हींचा भाव सारखा धरला तर साध्यांचा संच ३९० चा, इरिडियमचा १,९५० चा. आणि २०२० मध्ये परतलेल्या विजेवरच्या चेतकला प्लग शून्य.

काउंटरवर आणि गॅरेजमध्ये

कोडमध्ये आर असेल तर आत सुमारे ५,००० ओहमचा रोधक असतो. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांना तो लागतोच, नाहीतर ठिणगीचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो. मल्टिमीटरची एक तार वरच्या टोकाला, दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला लावा. आकडा शून्य आला तर डबी कितीही चकचकीत असो, माल नकली समजा.

बसवताना हातानेच आटे धरवा. नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने घट्ट झाला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. जुनाच पुन्हा लावत असाल तर जेमतेम एक बारांश. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले, तर सव्वाशेच्या प्लगपायी हजारांचं काम निघतं.

निघालेला प्लग टाकून द्यायच्या आधी उजेडात धरून पाहा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल, तर कंपनी कुठलीही असो, आकडा बरोबर होता. त्या कोडचा फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा. काळं-कोरडं किंवा पांढरंफटक असेल, तर तोच आकडा पुन्हा मागू नका. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा.