जळालेल्या मोटरीच्या जागीं नवी घेतांना

विहिरीवरील पंपाची मोटर जळाली म्हणजे पुष्कळ बागाईतदार पांच अश्वशक्तीच्या जागीं साडेसातची बसवितात. पाणी वाढेल ही आशा. आमच्या मतें हा हिशेब उलटा आहे. ओझें किती तें पंप ठरवितो, मोटर तें केवळ वाहते. फेरे तेच राहिले तर पाणी वाढत नाहीं. किंमत वाढते, आणि मंजूर भार ओलांडला जातो तो निराळाच.

बाजारांत जाण्यापूर्वीं जुन्या मोटरीवरील प्लेट पुसून वाचावी. तीवर ३.७ किलोवॅट असल्यास तीच पांच अश्वशक्ति, कारण एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. हा आंकडा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा होय. तारेंतून वीज याहून अधिक ओढली जाते व तो फरक उष्णतेंत जातो.

खरें नुकसान फेऱ्यांकडे न पाहिल्यानें होतें. कपलिंगनें जोडलेल्या १४४० फेऱ्यांच्या पंपास २८८० ची मोटर लाविली तर वेग दुप्पट, पण ओझें सुमारें आठपट! मग नवी मोटरहि टिकावी कशी?

राहिले अँपिअर. ४१५ व्होल्टांचा दाब फार उतरला कीं तेंच काम करण्यास मोटर अधिक प्रवाह ओढते व तापते. याकरितां साध्या डी. ओ. एल. स्टार्टरवरील रिलेचा कांटा प्लेटवरील अँपिअरवर ठेवावा. मोटर वारंवार बंद पडते म्हणून तो पुढें सरकविणारे वायरमन आम्हीं पाहिले आहेत. थोड्याच दिवसांत तीच मोटर पुन्हां भरावयास जाते.