घरच्या सोलरला इन्व्हर्टर कोणता असावा ?

आमच्या संघाच्या सभासदांकडून येणाऱ्या पत्रांत खतें, बियाणें व कीड यांच्या जोडीला अलीकडे एक नवाच प्रश्न येऊं लागला आहे. घरावर सोलरच्या प्लेटा बसवावयाचें ठरलें, पण इन्व्हर्टर कोणता घ्यावा ? विक्रेता सुचवितो तो, कीं शेजाऱ्यानें घेतला तो ? प्लेटांविषयीं फारसें कोणी विचारीत नाहीं, व तें एका परीनें ठीकच आहे. चांगल्या प्लेटा थोडथोड्या उतरत जाऊनही पंचवीस वर्षें काम देतात. खरा घोळ होतो तो इन्व्हर्टरच्या निवडींत. तो आम्हीं स्वतःच्या घरीं करून पाहिला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आमची वस्ती गांवठाणापासून दोन किलोमीटर आंत, मळ्यांत आहे. सन २०२४ च्या दिवाळीनंतर आम्हीं घराच्या स्लॅबवर तीन किलोवॅटच्या प्लेटा बसविल्या. विक्रेत्यानें ऑन-ग्रिड जातीचा इन्व्हर्टर दिला व आम्हीं तो कांहीं न विचारतां घेतला. विजेचें बिल इतकें खालीं आलें कीं, आल्यागेल्यास आम्ही तें मुद्दाम काढून दाखवीत असूं. पुढें मे महिन्यांत एके सायंकाळीं वादळासह वळीव कोसळला, ओढ्याकाठचे तीन खांब आडवे झाले आणि वीज गेली. रात्र कंदिलावर काढली. दुसरे दिवशीं आकाश निवळून नऊ वाजतांच कडक ऊन पडलें, तेव्हां आतां तरी घर चालेल अशा भरंवशानें आम्ही इन्व्हर्टरपाशीं गेलों, तों त्याचा तांबडा दिवा तसाच ! विक्रेत्यास फोन केला. तो म्हणाला, “लाईट आली कीं आपोआप चालू होईल.” माथ्यावर तीन किलोवॅटचें ऊन, आणि खालीं गोठ्यांत सहा गाई तहानलेल्या, बोअरवरची मोटर बंद, दूध काढण्याचें यंत्र बंद. घरच्या सर्वांनीं हातानें धारा काढल्या, पाणी शेजारच्या विहिरीवरून ओढून आणलें. फ्रीजमधील दूध नासलें तें नासलेंच, पण वासरांसाठीं आणून ठेवलेली लसही फुकट गेली. वीज आली ती तिसरे दिवशीं.

यांत यंत्राचा दोष नव्हता, हें आम्हांस मागाहून समजलें. प्लेटांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. घरांतील पंखे व मोटरी यांना मात्र सेकंदास ५० आवर्तनें करणारी, दिशा पालटणारी वीज लागते. एकीची दुसरी करून देणें हें इन्व्हर्टरचें काम. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर हें काम करतांना खांबावरून आलेल्या विजेचा ताल धरून चालतो. मुख्य गवई थांबला कीं साथीदारानें थांबावें, तसा तो थांबतो. नियमानेंही त्यास थांबावेंच लागतें. कारण वीज बंद आहे असें समजून वायरमन खांबावर चढावा, आणि घराघरांवरच्या सोलरची वीज उलट त्याच तारेंत शिरावी, असें झाल्यास त्याचा जीव जाईल. म्हणून लाईट जातांच फार तर दोन सेकंदांत हा इन्व्हर्टर स्वतःस तारेपासून तोडून घेतो. विकणाऱ्यानें हें पैसे घेण्यापूर्वीं सांगावयास हवें, पण पुष्कळ वेळां तें सांगितलें जात नाहीं, व घेणाराही विचारीत नाहीं.

तेव्हां किलोवॅट किती हा प्रश्न दुसरा. आपल्याकडे वीज किती वेळ जाते हा पहिला. प्रत्येकानें महिनाभर एका वहींत टिपण ठेवावें : वीज केव्हां गेली, केव्हां आली, आणि सर्वांत लांब खंड केवढा होता. गांवठाणांत राहणाऱ्या ज्या सभासदाची वही जवळजवळ कोरीच राहील, त्यानें खुशाल ऑन-ग्रिड घ्यावा. तो सर्वांत स्वस्त असतो, त्यांत विजेची गळती सर्वांत कमी, बॅटरीची निगा नाहीं, आणि दिवसाची शिल्लक वीज नेट मीटरमधून कंपनीकडे जाऊन हिशेबांत जमा होते. ज्याची वीज रोज तास-दोन तास जाते, त्याच्या घरीं बहुधा साधा इन्व्हर्टर व बॅटरी आधींपासून असतेच. ती ठेवून वर ऑन-ग्रिड सोलर बसवावा, म्हणजे थोडक्यांत भागतें. मात्र सोलरची जोडणी त्या जुन्या इन्व्हर्टरच्या अलीकडे, मीटरच्या बाजूस झाली पाहिजे. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांच्या बाजूस ती केल्यास दोन्ही यंत्रें एकमेकांस बिघडवितात. हें काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें.

हायब्रिड इन्व्हर्टर लागतो तो आमच्यासारख्या वस्तीवाल्यांस. तो तारेशीं जोडलेला असतो, बॅटरीही भरतो, आणि लाईट गेली असतां घराची ठराविक मांडणी तारेपासून वेगळी करून स्वतःच्या तालावर चालवितो. किंमत अर्थातच जास्त, व बॅटरीची त्याहून वेगळी. घेतांना एक गोष्ट लेखी विचारावी : बॅटरी न जोडतां, केवळ उन्हावर, लाईट नसतांना हा घर चालवील काय ? कित्येक हायब्रिड तसें करीत नाहींत, आणि ‘बॅटरी पुढें घेऊं’ म्हणणारा पुनः आमच्याच वाटेनें जातो. तारेशीं संबंधच नसलेला ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर, जेथें खांब पोंचलाच नाहीं अशा रानांतल्या खोलीसाठीं ठीक. एरवीं बॅटरी भरल्यावर उरलेलें ऊन त्यांत वायां जातें.

मळ्यांतील घरांची आणखी एक अडचण आहे, ती शहरांतील विक्रेत्यांच्या ध्यानीं येत नाहीं. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज पाळीनें, ठराविक तास येते. पुष्कळ ठिकाणीं उरलेल्या वेळांत सिंगल फेजवर घरें चालतात. थ्री फेजचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर एक फेज गेली तरी बंद पडतो. पाळी रात्रीची असली म्हणजे दिवसभर ऊन असून तो नुसता बसून राहील ! अशा वस्तीनें सिंगल फेजचाच इन्व्हर्टर घ्यावा, व तो नेहमीं चालू राहणाऱ्या फेजवरच बसवून घ्यावा. वाहिनीच्या टोंकाला असणाऱ्यांनीं दाबही मोजून पाहावा. २३० व्होल्टांच्या जागीं कधीं १७०, कधीं २६० असा खेळ असेल, तर किती दाबापासून किती दाबापर्यंत इन्व्हर्टर टिकून राहतो हा आंकडा किंमतीपेक्षां महत्त्वाचा.

बॅटरी किती घ्यावी याचा हिशेब कठीण नाहीं. ९ वॅटचे सहा दिवे चार तास म्हणजे सुमारें २१६ वॅट-तास. ७५ वॅटचे दोन पंखे आठ तास, १२०० वॅट-तास. फ्रीजला रात्रीचे सुमारें ५००. एकूण दोन युनिटांच्या आंतबाहेर. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांत कागदोपत्रीं ३.६ युनिट मावतात, परंतु शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून खालीं उतरविली तर लवकर जाते. म्हणजे हातीं १.८ येतात, आणि रात्र थोडक्यांत चुकते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के उतरविलेली चालते, तिला पाणी घालावें लागत नाहीं, आयुष्यही अधिक. पंखे ३० वॅटचे नवे घेतल्यास बॅटरीच लहान लागते. आमच्या मतें पैसा आधीं तेथें घालावा.

घरच्या इन्व्हर्टरवर विहिरीची पांच अश्वशक्तीची मोटर चालेल काय, असें विचारणारीं पत्रें बरींच आहेत. चालणार नाहीं. ती मोटर चालू असतां पावणेचार किलोवॅट घेते, पण उठतांना क्षणभर त्याच्या पांच-सहा पट ओढते, आणि घरचा इन्व्हर्टर तेथेंच मान टाकतो. सोलर कृषिपंपाचा कंट्रोलर मोटरीस हळूहळू वेग देतो. तें यंत्र निराळें, त्याच्या सरकारी योजनाही निराळ्या. कडबाकुट्टीचेंही हेंच समजावें.

चिंचेची किंवा नारळाची सांवली प्लेटांवर येत असल्यास साध्या इन्व्हर्टरला धरून चालणाऱ्या ओळींत एका प्लेटेची खोट इतरांनाही भोंवते. प्रत्येक प्लेटेखालीं लहान मायक्रो-इन्व्हर्टर बसविण्याची सोय आहे, पण ती महाग. फांदी छाटतां येत असेल तर आधीं ती छाटावी.

इन्व्हर्टर कोठें टांगला यावर त्याचें आयुष्य पुष्कळ अवलंबून असतें. उन्हांत तापल्यास तो वीज कमी देतो. गोठ्यांत गोमूत्राच्या वाफेनें व खतांच्या खोलींत युरियाच्या ओलीनें त्याच्या जोडण्या गंजतात, मळणीची धूळ पंख्यांत बसते. उत्तरेकडील ओसरीची भिंत उत्तम. मळ्यांतील एकट्या घरास अर्थिंग व वीजरोधक यांवांचून सोलर बसवूंच नये.

सन २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सूर्यघर योजनेंत दोन किलोवॅटला ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें. तें तारेशीं जोडलेल्या सोलरसाठीं, प्लेटांच्या किलोवॅटवर मिळतें. बॅटरीचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो, हें धरून अंदाजपत्रक मागावें.

आम्हीं गेल्या दिवाळीस पांच किलोवॅटचा हायब्रिड व पांच युनिटांची लिथियम बॅटरी घेतली. फ्रीज, दिवे, पंखे व गोठ्यांतील यंत्र एवढेंच बॅटरीच्या फांट्यावर ठेवलें आहे. बोअरची एक अश्वशक्तीची मोटर त्यावर आहे, पण ती दिवसा, ऊन असतांनाच चालवावी असा घरांत नेम आहे. जुना ऑन-ग्रिड इन्व्हर्टर रीतसर अर्ज करून गांवठाणांतील धाकट्या बंधूंच्या घरीं नेऊन बसविला. तेथें लाईट क्वचित् जाते, आणि त्यांची त्याविषयीं कांहीं तक्रार नाहीं.